माझ्या अक्षरातलं तिचं पान

बारावीचा निरोप समारंभ तीन आठवड्यांवर आला होता. आमच्या मराठीच्या मॅडम कोऱ्या कागदांचा गठ्ठा घेऊन वर्गात आल्या, प्रत्येकाला एक कागद दिला आणि फळ्यावर तीन प्रश्न लिहिले. पुढे काय व्हायचं आहे? कोणती गोष्ट अजिबात आवडत नाही? या शाळेतली कोणती आठवण सोबत घेऊन जाणार?

"उद्या लिहून आणा. खाली नाव लिहा," मॅडम म्हणाल्या. "आणि खरं लिहा. निबंधात लिहिता तसं नको."

आमची शाळा तळासरीत, हायवेपासून थोडी आत. पाचवी ते बारावी एकाच इमारतीत. मी झरीहून यायचे. आमच्या आर्ट्सच्या वर्गात अडतीस जण होते. या अडतीस कागदांची एक वही करायची, प्रत्येकाला एक पान द्यायचं, समारंभात ज्याने त्याने उठून आपापलं पान वाचायचं आणि नंतर वही शाळेच्या ग्रंथालयात ठेवायची, असं मॅडमच्या मनात होतं. कागदांवरून वहीत चांगल्या अक्षरात उतरवायचं काम त्यांनी मला दिलं. माझं अक्षर वर्गात सगळ्यांत चांगलं होतं आणि त्या अक्षरावर मी बरीच वर्षं मिरवले. फळ्यावरचा सुविचार मी लिहायचे, पाहुण्यांच्या स्वागताचा फलक मी लिहायचे. आता मी डहाणूला एका सरकारी कार्यालयात कंत्राटावर कॉम्प्युटरमध्ये माहिती भरते. दिवसभरात पेन हातात येतं ते हजेरीच्या सहीपुरतं.

"मी कागद आधी वाचणार नाही," मॅडम मला म्हणाल्या. "नाहीतर मुलं मोकळेपणाने लिहिणार नाहीत. तूच गोळा कर, तूच उतरव. मी समारंभातच ऐकीन."

त्या रविवारी मी घरी ओटीवर चटई टाकून सगळे कागद वाचत बसले. अडतीस जणांना मी ओळखते असं मला वाटत होतं. निम्म्या मुलांना पोलीस व्हायचं होतं, त्यात नवल नव्हतं. ती रोज पहाटे रस्त्याने धावायची आणि पहिल्या तासाला पेंगायची. मुलींपैकी बऱ्याच जणींनी नर्स लिहिलं होतं. एकाला हायवेवर हॉटेल काढायचं होतं, जिथे चहात साखर विचारून घालतील. एकाने लिहिलं होतं, 'निकाल लागल्यावर सांगतो.' दुसऱ्या एकाला चिकूच्या वाडीवर राखण करायची होती, पण वाडी त्याची स्वतःची असायला हवी होती. मी माझ्या कागदावर कलेक्टर लिहिलं होतं. चांगलं अक्षर असलेल्या मुलीने तेच लिहायचं असतं असा माझा समज होता. कलेक्टर दिवसभर काय करतो हे मला सांगता आलं नसतं.

न आवडणाऱ्या गोष्टी वाचायला जास्त मजा आली. हात दाखवला तरी न थांबणारी एसटी पुष्कळांनी लिहिली होती. पेन मागून घेऊन टोपण चावून परत करणारे. डबा उघडायच्या आधीच 'काय आणलंस' म्हणून हात घालणारे. एका मुलीला घरी पाहुणे आले की त्यांनी 'आता हिचं काय ठरवलंय' असं तिच्यासमोर पण तिला न विचारता विचारलेलं आवडत नव्हतं. एका मुलाचं नाव हजेरीत पाचवीपासून चुकीचं लागलं होतं आणि तो आठ वर्षं त्या चुकीच्या नावाला 'हजर' म्हणत होता. हे मला माहीतच नव्हतं. मी त्याला त्याच नावाने हाक मारायचे.

आठवणींत स्नेहसंमेलनाची आठवण सगळ्यांत जास्त वेळा आली होती. नाच चालू असताना स्पीकर बंद पडला, तेव्हा खाली बसलेल्या सगळ्या शाळेने तोंडाने गाणं म्हटलं आणि मुलींनी नाच पुरा केला. दहा-बारा जणांनी तेच लिहिलं होतं आणि प्रत्येकाच्या मते गाणं म्हणायला त्यानेच सुरुवात केली होती.

मी हे सगळं जसंच्या तसं उतरवत गेले. शुद्धलेखन तेवढं सुधारलं. संध्याकाळपर्यंत पंचवीसेक पानं झाली. मग माझ्या बाकावरच्या मैत्रिणीचा कागद आला.

ती आणि मी दोन वर्षं एका बाकावर बसत होतो. ती हायवेच्या पूर्वेकडच्या, डोंगराच्या बाजूच्या एका पाड्यावरची. रस्त्याला लागायलाच तिला पाऊण तास चालावं लागे. त्या पाड्यावरून बारावीपर्यंत पोहोचलेली ती पहिली मुलगी. घरी ती वारली बोलायची आणि शाळेत मराठी, पण तिच्या मराठीत 'ण'चा 'न' व्हायचा आणि 'ळ'चा 'ल'. ती 'शाला' म्हणायची, 'पानी' म्हणायची.

पहिल्या प्रश्नाला तिने लिहिलं होतं की तिला एसटीत कंडक्टर व्हायचं आहे. दुसऱ्या प्रश्नाखाली असं होतं: 'भूगोलाचे सर माझं बोलणं बोलून दाखवतात आणि सगळे हसतात. ते मला आवडत नाही. अकरावीत मला भूगोल आवडायचा.'

भूगोलाच्या सरांबद्दल सांगायला हवं. ते घाटावरचे, पण आमच्या शाळेत त्यांना पुष्कळ वर्षं झाली होती. शिकवायचे उत्तम. वर्गात कंटाळा येऊ द्यायचे नाहीत आणि त्यांना सगळ्यांच्या नकला करता यायच्या, प्राचार्यांची तर हुबेहूब. तास संपवताना त्यांचं एक वाक्य ठरलेलं असायचं: "उद्या शालेला कोन कोन येनार नाय?" वर्ग हसायचा. माझी मैत्रीण उत्तर द्यायला उठली की सर तिचं उत्तर तिच्याच हेलात पुन्हा म्हणायचे आणि मग म्हणायचे, "बरोबर. बस." उत्तर बहुतेक वेळा बरोबरच असायचं. पुढे पुढे ती उठली की काही जण आधीच हसायच्या तयारीत असायचे. अकरावी संपता संपता तिने हात वर करणं सोडलं. मला ते दिसत होतं. त्याचं कारण मी कधी शोधलं नव्हतं.

मीही हसायचे. आणि माझं हसणं इतरांपेक्षा वेगळं होतं, कारण आमच्या घरीही 'पानी'च म्हणतात. सहावीत असताना एका मुलाने मला त्यावरून चिडवलं, तेव्हापासून मी शाळेच्या वाटेवर 'बाण, ठाणे, पाणी, आठवण' असं घोकत चालायचे. वर्षभरात मला 'ण' आला. घरी आले की मी तो उंबऱ्याबाहेर ठेवून यायचे, नाहीतर आई म्हणायची, "मोठी मॅडम झालीस." म्हणून सर तिची नक्कल करत तेव्हा मी हसत असे, आणि त्या हसण्याने मी वर्गाला दाखवत असे की मी तशी बोलत नाही.

हे मला आज असं सरळ मांडता येतं. त्या संध्याकाळी मला फक्त भीती वाटली. भूगोलाच्या प्रकल्पाचे गुण सरांच्या हातात होते. समारंभाची सगळी व्यवस्थाही तेच पाहत होते आणि पहिल्या रांगेत बसणार होते. हे पान वाचलं गेलं तर तिचं काय होईल, मॅडमचं काय होईल, आणि ते ज्या अक्षरात लिहिलं आहे ते माझं आहे. मी बराच वेळ पेन हातात धरून बसले. मग वहीत लिहिलं, 'मोठ्या आवाजात बोललेलं मला आवडत नाही.' खाली तिची आठवण उतरवली. ती सहलीची होती. माझं सगळं लक्ष आधीच्या ओळीत अडकलेलं, त्यामुळे आठवण मी नुसती अक्षरं पाहून लिहिली. तिचा कागद घडी करून दप्तराच्या आतल्या कप्प्यात ठेवला.

तिला सांगायला दोन आठवड्यांहून जास्त वेळ होता. रोज आम्ही शेजारी बसत होतो, डबा वाटून खात होतो. मी सांगितलं नाही. समारंभात वाचताना ती समजून घेईल आणि आहे तसं वाचेल, असं मी स्वतःला पटवलं होतं.

समारंभाला मुली साड्या नेसून आल्या होत्या, बहुतेक आईच्या किंवा वहिनीच्या. मुलांनी एकसारखे पांढरे शर्ट घातले होते. खालच्या मोठ्या वर्गात सतरंज्या टाकल्या होत्या, पुढे शिक्षकांसाठी खुर्च्या. प्राचार्यांचं भाषण झालं. मग मॅडमनी वही टेबलावर ठेवली आणि हजेरी क्रमांकाने एकेकाला बोलवायला सुरुवात केली.

पोलीस, पोलीस, नर्स, पोलीस. साखर विचारणाऱ्या हॉटेलवाल्याला टाळ्या मिळाल्या. चुकीच्या नावाच्या मुलाने आपलं पान वाचल्यावर प्राचार्य खुर्चीतून वळून क्लार्कला काहीतरी म्हणाले. वर्ग खूश होता. प्रत्येक पानाला कुणीतरी मागून काहीतरी बोलत होतं.

माझी मैत्रीण उठली. हिरव्या साडीचा पदर तिने कमरेला खोचला होता. वही दोन्ही हातांत धरून तिने पहिली ओळ वाचली: "मला एसटीत कंडक्टर व्हायचं आहे." थोडं हसू झालं. मागून एक मुलगा म्हणाला, "सुट्टे द्या, सुट्टे." ती थांबली, हसू ओसरू दिलं, आणि पुढची ओळ वाचायला लागली. "मोठ्या आवाजात बोललेलं मला..."

तिने ती ओळ मनात पुन्हा वाचली असावी, कारण तिचे ओठ हलले. मग तिने वही खाली केली.

"हे मी लिहिलेलं नाय," ती म्हणाली.

मॅडमनी विचारलं, "म्हणजे?"

"मी दुसरं लिहिलेलं."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. अख्ख्या वर्गाला माहीत होतं वही कुणी लिहिली ते. मी सतरंजीकडे पाहत बसले. माझ्या मैत्रिणीने मात्र माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.

"मग तू काय लिहिलं होतंस ते सांग," मॅडम म्हणाल्या.

तिने सांगितलं. कागदावर होतं तसंच, तीन वाक्यं, आवाज न वाढवता. "भूगोलाचे सर माझं बोलनं बोलून दाखवतात आनि सगले हसतात. ते मला आवडत नाय. अकरावीत मला भूगोल आवडायचा."

सर पहिल्या रांगेत तिच्यापासून चार हातांवर बसले होते. मागच्या रांगेत एका मुलीला हसू आलं आणि तिने ते खोकल्यात लपवलं. प्राचार्यांनी घसा साफ केला. मला वाटलं आता मॅडम तिला बसायला सांगतील. मॅडम म्हणाल्या, "आठवण राहिली. ती वाच."

तिने वही पुन्हा वर उचलली आणि वाचू लागली. आम्ही अकरावीत डहाणूच्या समुद्रावर सहलीला गेलो होतो. ओहोटी होती. भूगोलाच्या सरांनी काठीने ओल्या वाळूत सगळ्या तालुक्याचा नकाशा काढला, हायवे काढला, नद्या काढल्या आणि प्रत्येकाला आपापल्या गावावर जाऊन उभं राहायला सांगितलं. तिचा पाडा पुस्तकातल्या नकाशात नाही, म्हणून ती कडेला उभी राहिली. सरांनी तिला विचारलं, तुमच्याकडचा ओहळ कुठल्या नदीला मिळतो, सूर्य कुठल्या डोंगरामागून वर येतो. मग ते नकाशात दहा पावलं चालत गेले आणि काठी रोवून म्हणाले, इथे. उभी राहा. तिथून तिला शाळा दिसली, माझं झरी दिसलं आणि मागे खरा समुद्र दिसला.

"माझं घर नकाशात आहे ते मला त्या दिवशी कललं," तिने वाचलं, वही मिटून टेबलावर ठेवली आणि जागेवर येऊन बसली. माझ्या शेजारी नाही, दोन रांगा मागे.

ते वाळूतलं सगळं मीच तर वहीत उतरवलं होतं. झरीवर मीही उभी राहिले होते. तरी ते तिने वाचून दाखवेपर्यंत माझ्या लक्षात आलं नव्हतं की तिच्या दोन्ही उत्तरांत माणूस एकच आहे.

उरलेली पानं भराभर वाचून झाली. माझं कलेक्टरचं पान मी कसं वाचलं ते मला आठवत नाही.

नंतर वेफर्स आणि समोसे वाटले. मुलं फोटो काढत होती. सर कागदाची बशी घेऊन तिच्याजवळ आले. मी जवळच होते, म्हणून मला ऐकू आलं.

"मी गंमत करत होतो गं," सर म्हणाले. "तुला लागत होतं तर सांगायचंस."

"आज सांगितलं, सर."

सरांनी मान हलवली. बशीतला समोसा त्यांनी तसाच ठेवला होता. "बरोबर," ते म्हणाले, आणि आणखी काहीतरी बोलायचं असल्यासारखे थोडे थांबून निघून गेले. ती माफी होती की नव्हती हे मला तेव्हाही ठरवता आलं नाही. पुढच्या आठवड्यात परीक्षेच्या सूचना द्यायला ते वर्गात आले. जाताना सवयीने त्यांचं वाक्य सुरू झालं, "उद्या शा..." आणि तिथेच थांबलं. "उद्या शाळेत सगळ्यांनी हॉल तिकीट घ्यायला यायचं आहे," ते म्हणाले. कुणी हसलं नाही. प्रकल्पाचे गुण तिला चांगले दिले होते, हे निकालानंतर कळलं. मी उगाच घाबरले होते असं मात्र मी म्हणणार नाही. दुसरे कुणी सर असते तर काय झालं असतं कोण जाणे.

समारंभ संपल्यावर मी तिला गेटबाहेर गाठलं. ती साडीच्या निऱ्या हातात धरून भराभर चालत होती.

"ऐक ना," मी म्हटलं. "तुला त्रास होऊ नये म्हणून केलं मी."

"मला, का तुला?"

मी तिच्या पावलांशी पावलं जुळवत चालत राहिले.

"मी नाव घालून लिहिलेलं," ती म्हणाली. "मला माहीत होतं सर पुढे बसनार. रात्रभर विचार करून लिहिलेलं. तुला कोनी सांगितलं बदलायला?"

"कुणीच नाही."

"तूपन हसायचीस," ती म्हणाली. "मी बाकावर बाजूलाच असायची. मला दिसायचं."

हायवेच्या नाक्यावर तिची जीप भरत आली होती. ती मागे बसली आणि पदर सावरून दुसरीकडे बघत राहिली. मी झरीच्या रिक्षात बसले. घरी आईने कसा झाला कार्यक्रम म्हणून विचारलं, मी चांगला झाला म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी मला शिक्षक खोलीत बोलावलं. त्या रागावल्या नाहीत, म्हणजे आवाज चढवला नाही. वही माझ्यासमोर सरकवून म्हणाल्या, "हे पान खोटं आहे. खोटं पान ग्रंथालयात ठेवता येणार नाही. तू बदललंस, आता तूच नीट करून आण."

"मी पुन्हा लिहून देते, मॅडम."

"तू नको. तिला लिहू दे."

शाळा आता नावापुरतीच भरत होती. माझी मैत्रीण अभ्यासाच्या सुट्टीला म्हणून घरीच राहिली होती. रविवारी मी वही पिशवीत घालून निघाले. दोन वर्षं एका बाकावर बसून मी तिच्या घरी कधी गेले नव्हते. जीपवाल्याने नाक्यावर सोडलं, तिथून मी विचारत विचारत गेले. भात कापून झालेली शेतं कोरडी पडली होती, बांधावरून वाट होती, मध्ये एक ओहळ होता, त्यात घोट्याएवढं पाणी. सरांनी तिला विचारलेला ओहळ हाच असणार असं मनात आलं. तिच्या पाऊण तासाच्या वाटेला मला सव्वा तास लागला.

तिचं घर कुडाचं, अंगण शेणाने सारवलेलं. तिची आई अंगणात वालाच्या शेंगा सोलत बसली होती. तिने मला विचारलं, कोण, कुठली. मी शाळेतल्यासारखं शुद्ध मराठीत उत्तर दिलं, तर तिने मला घाईघाईने बसायला खुर्ची आणली, पदर डोक्यावरून घेतला आणि घरात जाऊन हाक मारली की शाळेच्या मॅडम आल्यात.

माझी मैत्रीण बाहेर आली. खुर्चीवर मला बघून तिला हसू आवरलं नाही. ते हसू चांगलं होतं की कसं, मला सांगता येणार नाही, पण मला हायसं वाटलं. मी खुर्चीवरून उठून खाली बसले.

"मॅडमनी वही दिलीय," मी म्हटलं. "तुझं पान तू लिही."

तिने वही घेतली, आपलं पान काढलं, थोडा वेळ पाहिलं. मग म्हणाली, "फाडू?"

"फाड."

"नको. मागचं दुसऱ्याचं पान पन फाटंल." तिने माझ्या त्या ओळीवर पट्टी ठेवून एक आडवी रेघ मारली, ओळीपुढे जागा नव्हती म्हणून वर, समासात, खाली असं जमेल तसं आपलं वाक्य लिहिलं. तिचं अक्षर मोठं, डावीकडे झुकणारं होतं. माझ्या रेखीव ओळींमध्ये ते कुठेही लपत नव्हतं. मी तिचा मूळ कागद परत करायला आणला होता, तो तिने चुलीत टाकायला आईकडे दिला.

मग आम्ही तिघी शेंगा सोलत बसलो. तिच्या आईने मला काहीतरी विचारलं आणि मी तिला उत्तर देताना, का कोण जाणे, घरच्यासारखं बोलले. पानी, शाला, सगलं. मैत्रिणीने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. दोन वर्षांत तिने मला असं बोलताना ऐकलं नव्हतं.

"तुमच्याकडे पन असंच बोलतात?" तिने विचारलं.

"हो."

"मग तू..." ती म्हणाली. तिने हातातली शेंग सोलून दाणे टोपलीत टाकले. "लय शिकून घेतलंस," ती म्हणाली. त्यात टोमणा होता, पण थोडं कौतुकही होतं. मी सहावीतलं ते 'बाण, ठाणे, पाणी' तिला सांगितलं. ती हसत सुटली, तिने ते आईला सांगितलं आणि आईने मला 'पाणी' म्हणून दाखवायला लावलं. मी दोनदा म्हणून दाखवलं. तिथल्या अंगणात ते मलाच विचित्र ऐकू आलं.

निघताना मी "माफ कर" म्हटलं. ती म्हणाली, "परीक्षेला जागा धरून ठेव. पहिल्या पेपरला मला यायला उशीर होईल." बारावीच्या परीक्षेत जागा धरता येत नाहीत, नंबर ठरलेले असतात, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं. मी धरते म्हटलं.

पास दोघी झालो. मग जो तो आपापल्या वाटेने गेला. पोलीस लिहिणाऱ्यांपैकी दोघे खरंच पोलीस झाले, बाकीचे वापीकडच्या आणि उंबरगावकडच्या कारखान्यांत लागले. हॉटेलवाला हायवेवर दुसऱ्याच्या हॉटेलात आहे. मी तिथे एकदा चहा प्यायले, गोडमिट्ट होता. नर्स लिहिणाऱ्यांपैकी एक माझ्या पुतणीच्या जन्माच्या वेळी हॉस्पिटलात भेटली आणि तिने मला आधी ओळखलं. भूगोलाचे सर निवृत्त होऊन त्यांच्या गावी गेले.

माझ्या मैत्रिणीने कंडक्टरच्या भरतीची तीन-चार वर्षं वाट पाहिली. कंडक्टरला आरटीओचा बिल्ला लागतो म्हणून तो काढून ठेवला. भरती निघाली नाही. मधल्या काळात ती एका कारखान्यात पॅकिंगला होती, उभं राहून राहून पाय सुजायचे. आता ती एका सरकारी दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीत बसते, तेही माझ्यासारखंच कंत्राटावर. मी एकदा आईला घेऊन गेले होते तेव्हा तिला काम करताना पाहिलं. डोंगराकडून आलेल्या म्हाताऱ्या बाया खिडकीशी येऊन गप्प उभ्या राहत, आणि ती आतून त्यांच्या बोलीत विचारायची, काय होतं, कधीपासून, सोबत कोण आलंय. रांग मोठी होती आणि मागचा एक माणूस कुरकुरत होता. तिने त्याच्याकडे लक्ष दिलं नाही.

"बिल्ला अजून आहे?" मी तिला विचारलं.

"आहे. पेटीत ठेवलाय. भरती निघाली तर फॉर्म भरनार."

गेल्या महिन्यात तिने फोन केला. तिची धाकटी बहीण आता त्याच शाळेत बारावीला आहे. तिला पुढे काय करायचं ते कळत नाही, म्हणून घरचे सगळे तिच्या मागे लागलेत. "तू ऑफिसात असतेस, तुला माहीत असतं, तिला घेऊन येते, जरा समजाव," मैत्रीण म्हणाली.

त्या दोघी शनिवारी दुपारी डहाणूला आल्या. मी अर्धा दिवस सुट्टी टाकली. बहीण गप्प गप्प मुलगी आहे, मोबाईल उलटसुलट करत बसली होती. मी तिला नर्सिंग, डी.एड., कॉम्प्युटरचे कोर्स, सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं.

"आणि तुला काय वाटतं?" मी शेवटी विचारलं.

ती ताईकडे बघायला लागली. ताई म्हणाली, "माझ्याकडे नको बघू. तुला विचारलंय."

तिने मोबाईल पालथा ठेवला. मग ती हळू आवाजात म्हणाली की तिला अजून काहीच वाटत नाही, आणि सगळे रोज विचारतात त्याचाच तिला कंटाळा आलाय. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मी फॉर्मची माहिती छापून आणलेले कागद पिशवीत ठेवले. तिला भूक लागली होती, म्हणून आम्ही स्टेशनजवळ जाऊन पावभाजी खाल्ली.